वडिलांचा स्पेक्ट्रम, निळी वायर आणि कडेचा स्विच

प्रश्न थोडक्यात असा: इंदिरानगरच्या एका ताईंना माळ्यावरच्या पेटीत वडिलांचा रबरी बटणांचा झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, सापडला. वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, आता नाहीत. यंत्राच्या कडेला भोक पाडून एक खटक्याचा स्विच बसवलाय, मागे लाल पुश बटण आहे, तळाला ड्रिलने पाडलेली भोकं आहेत आणि आत निळ्या वायरी आहेत. पेटीत एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीही आहे, त्याच्या मागेही कोणीतरी जास्तीचं सॉकेट बसवलेलं आहे. त्यांनी विचारलंय, हे सगळं काढून यंत्र ‘ओरिजिनल’ करावं का, आणि ते चालू कसं करायचं?

ताई, निळी वायर कापू नका. आणि अजून सप्लाय लावला नसेल तर आज लावू नका. बाकीचं सावकाश सांगतो.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून बराच वेळ पाहिले. सगळ्यात आधी नजर गेली ती वायरींच्या बांधणीवर. स्विचकडून बोर्डाकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी एकत्र धरून ठरावीक अंतरावर मेणदोऱ्याच्या गाठी मारल्यात. टीव्ही-रेडिओच्या दुकानात अशी बांधणी कोणी करत नाही. विमानातल्या वायरिंगची ही पद्धत आहे, कारण हादऱ्यांनी वायर हलून घासता कामा नये. डागही बघा, म्हणजे सोल्डरिंग, प्रत्येक जोड लहान, चकचकीत आणि पायाभोवती नीट पसरलेला. कुठे गोळा नाही, कुठे पेस्ट जळलेली नाही. ज्या हाताने हे केलं त्याला आपण काय करतोय हे ठाऊक होतं. मी गेली पस्तीसेक वर्षं सातपूर-अंबडच्या कारखान्यांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतोय आणि त्याच्या आधीपासून घरगुती कॉम्प्युटर उघडतोय. दुसऱ्याचं काम उलगडताना मी आधी डाग बघतो. डाग चांगला असेल तर त्यामागे विचारही असतो असं धरून चालतो, आणि तो विचार सापडेपर्यंत काही तोडत नाही.

आता सप्लाय. स्पेक्ट्रम १९८२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आला. त्याचं अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट डीसीचं, १.४ अँपियरचं. आणि त्याच्या पिनेला आत निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह. आपल्याकडे दुकानात मिळणारी बहुतेक अ‍ॅडॉप्टरं याच्या बरोबर उलटी असतात, आत पॉझिटिव्ह. पिन तंतोतंत बसते, म्हणून माणूस फसतो. १९८९ साली माझ्या हातून नाशिकरोडच्या एका मित्राचा स्पेक्ट्रम असाच गेला. टेपरेकॉर्डरचं अ‍ॅडॉप्टर होतं, ९ व्होल्ट लिहिलेलं पाहिलं आणि लावलं. आतला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग, टीआर-४ नावाचा ट्रान्झिस्टर आणि रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, तीन आयसी (चिप), एवढं एका क्षणात. मित्राच्या थोरल्या भावाने तो मस्कतहून आणला होता. त्या सुट्या भागांसाठी मी तीन वेळा पंचवटी एक्स्प्रेसने लॅमिंग्टन रोडला गेलो, आणि आयसी सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदात गुंडाळून आणल्या. त्या दिवसापासून मल्टिमीटरने पिन तपासल्याशिवाय मी कुठल्याही जुन्या यंत्राला सप्लाय देत नाही. तुम्हीही देऊ नका, अ‍ॅडॉप्टर पेटीतच सापडलेलं असलं तरी.

टीआर-४ चं नाव घेतलं, तर तो भाग समजून घ्या, कारण स्पेक्ट्रमचं मरण बहुधा तिथूनच येतं. खालच्या १६ केबी रॅमसाठी त्यात ४११६ नावाच्या आठ आयसी आहेत. या जुन्या जातीच्या आयसीला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: ५, १२ आणि उणे ५. पाच व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर देतो. बाकीचे दोन बोर्डावरचं एक छोटं सर्किट तयार करतं. त्यात एक कॉइल आणि टीआर-४, टीआर-५ हे ट्रान्झिस्टर. ४११६ चा नियम असा की उणे ५ सगळ्यात आधी यायला हवा आणि सगळ्यात शेवटी जायला हवा. उणे ५ गेला आणि १२ राहिला, तर आयसी मरते. उलटंही होतं: एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली की तिच्या ओझ्याने टीआर-४ जळतो. म्हणून नुसता टीआर-४ बदलून सप्लाय देणारा मेकॅनिक दोन मिनिटांत नवा टीआर-४ ही जाळतो.

तेव्हा सप्लाय न देता आधी हे करा. तळाचे पाच स्क्रू काढा. वरचं झाकण एकदम उचलू नका, कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डाला जोडलेल्या असतात. एक पाच तारांची, एक आठ तारांची. त्या सरळ वर ओढून सॉकेटातून काढा. इतक्या वर्षांनी त्या कडक होऊन वळणावर तडकतात. तडकल्या तर वाईट वाटून घेऊ नका, नवी मेंब्रेन, म्हणजे बटणांखालचा पातळ पडदा, अजूनही बनते आणि मिळते. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून ४११६ च्या पाय १६, म्हणजे ग्राउंड, आणि पाय १, ८, ९ यांच्यात मोजा. पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५ यायला हवेत. कुठे शून्याजवळ ओहम दिसले तर थांबा आणि जाणकाराला दाखवा. नसेल शॉर्ट, तर तपासलेलं अ‍ॅडॉप्टर लावा, चार-पाच सेकंदांत याच तीन पायांवरचे व्होल्ट मोजा आणि बंद करा. तिन्ही आले तर यंत्राला जीव आहे.

गोल नळीसारखे दिसणारे कंडेन्सर मी बदलूनच टाकतो. चाळीस वर्षं झालीत, आतलं द्रव्य सुकतं. एम. जी. रोडवर हा माल मिळतो, फार खर्च नाही. ज्यांच्याकडे त्या काळातला बीबीसी मायक्रो आहे, तोच जो १९८४ पासून ‘क्लास’ या कॉम्प्युटर शिक्षणाच्या प्रकल्पात आपल्या शाळांमध्ये आला, त्यांनी तर त्याच्या पॉवर सप्लायमधले मेन्सच्या फिल्टरचे कंडेन्सर बदलल्याशिवाय स्विचच लावू नये. त्यांच्या पारदर्शक वेष्टणाला बारीक तडे जाऊन आत ओल जाते आणि सप्लाय दिला की धूर निघतो. आपल्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या यंत्राला ही ओल चुकत नाही.

तळाची भोकं कशासाठी हे आता तुमच्या लक्षात येईल. ७८०५ हा ९ व्होल्टचे ५ करताना मधले ४ व्होल्ट उष्णता म्हणून टाकून देतो. पाऊण अँपियर धरला तरी साधारण ३ वॅट, आणि ते एका बंद प्लास्टिकच्या डबीत. ब्रिटनमध्ये हे चालून गेलं. मे महिन्यात चाळीस अंशांच्या नाशकात पत्र्याच्या छपराखाली दोन तास खेळून बघा. तुमच्या वडिलांनी हीटसिंकच्या खाली भोकं पाडली, ती अगदी योग्य जागी आहेत. आज त्याहून चांगला उपाय आहे: ७८०५ च्याच मापाचा, तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर मिळतो, किमान १ अँपियरचा घ्या. तो जवळजवळ गरमच होत नाही. जुना ७८०५ डब्यात जपून ठेवा, हवा तेव्हा परत बसवता येतो. भोकं बुजवू मात्र नका.

मागचं लाल पुश बटण रिसेटचं असणार. रबरी स्पेक्ट्रमला ना चालू-बंदचा स्विच होता ना रिसेट. प्रोग्रॅम अडकला की पिन उपटायची आणि परत लावायची. प्रत्येक वेळी तिन्ही व्होल्टेज खालीवर होणार, आणि ४११६ चा नियम तुम्ही वर वाचलातच. कंपनीने १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसमध्ये रिसेटचं बटण दिलं. तोवर हौशी लोक झेड८० च्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रोसेसरच्या, पाय २६ आणि ग्राउंडच्या पाय २९ मध्ये बटण लावून मोकळे झाले होते. दोन वायरी, एक बटण, आणि यंत्राचं आयुष्य वाढतं. स्पेक्ट्रममधली माझी सर्वांत आवडती सुधारणा हीच. मल्टिमीटरने बटणाच्या दोन्ही वायरी या दोन पायांना भिडतात का ते बघा. भिडत असतील तर यापुढे पिन उपटू नका, बटणच दाबा.

राहिला कडेचा खटक्याचा स्विच, आणि खरं सांगायचं तर हे उत्तर मी त्याच्यासाठीच लिहायला घेतलं.

स्पेक्ट्रम १६ केबी आणि ४८ केबी असा दोन प्रकारांत मिळायचा. स्वस्तातला १६ केबीचा घ्यायचा आणि पुढे पैसे साठले की वरची ३२ केबी घालायची, ही पद्धत सगळीकडे होती. त्यासाठी बऱ्याच बोर्डांवर मोकळे आयसी बेस ठेवलेलेच असायचे. आठ रॅम आयसी आणि चार लॉजिकच्या: एक ७४एलएस००, एक ७४एलएस३२, दोन ७४एलएस१५७. आता गंमत पुढे आहे. कंपनी त्या जागी ४५३२ नावाच्या आयसी वापरायची. त्या मुळात ६४ किलोबिटच्या आयसी, पण कारखान्याच्या तपासणीत त्यांचा अर्धा भाग नापास झालेला. चांगला अर्धा वापरायचा, खराब अर्ध्याकडे पत्ता, म्हणजे मेमरीतल्या जागेचा क्रमांक, जाऊच द्यायचा नाही, अशी योजना. कुठला अर्धा चांगला यावर बोर्डावर एक छोटी लिंक असते. ती पत्त्याची एक ओळ कायमची ५ व्होल्टला किंवा ग्राउंडला बांधून टाकते. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीने नापास माल असा कामाला लावला, म्हणून यंत्र सामान्य घरात परवडलं. मला हे फार मोठं वाटतं.

आता कोणी त्या जागी पूर्ण चांगल्या ४१६४ आयसी बसवल्या तर काय होईल? ३२ केबी चालेल आणि उरलेली ३२ केबी त्या लिंकमुळे कुलूपबंद राहील. ती लिंक काढून तिथे स्विच लावला, मधली वायर पत्त्याच्या त्या ओळीला, एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला, की कुलूप उघडलं. खटका इकडे, एक ३२ केबी. खटका तिकडे, दुसरी. खालची १६ धरून एकूण ८० केबी. त्या काळात ही सुधारणा हौशी लोकांत माहीत होती. पुढारलेले लोक स्विचऐवजी एक फ्लिपफ्लॉप आयसी घालून प्रोग्रॅममधूनच बँक, म्हणजे या दोन ३२ केबींपैकी एक, बदलायचे. तुमच्या फोटोत स्विचला तीनच वायरी आहेत, मधली वरच्या रॅमशेजारी लिंकच्या जागेकडे जाताना दिसते. म्हणून माझा कौल ८० केबीच्या बाजूने आहे.

पण फोटोवर विसंबू नका. सप्लाय काढून तीन गोष्टी तपासा. स्विचचं एक टोक ७८०५ च्या आउटपुटला आणि दुसरं ग्राउंडला भिडतं का. मधली वायर त्या दोन ७४एलएस१५७ पैकी एकाच्या पायाला पोचते का. आणि वरच्या आठ रॅम आयसींवर काय छापलंय. ४१६४ असेल तर प्रश्न मिटला. ४५३२ किंवा ३७३२ असेल तर अर्थ वेगळा. मग वडिलांनी स्विच बहुधा चांगला अर्धा शोधायला लावला असेल, आणि दुसऱ्या बाजूला यंत्र नीट चालणार नाही. दोन्ही शक्यतांत तो स्विच मुद्दाम लावलेला आहे.

टीव्हीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. स्पेक्ट्रमचा मॉड्युलेटर, म्हणजे मागच्या कोपऱ्यातली पत्र्याची डबी, यूएचएफ चॅनल ३६ वर चित्र देतो. आपल्या घरांतल्या त्या काळच्या बहुतेक टीव्हींना यूएचएफ ट्यूनरच नव्हता, कारण दूरदर्शन व्हीएचएफवर यायचं. यंत्र परदेशातून आलेलं आणि टीव्ही इथला, दोघांची भाषाच जुळत नव्हती. म्हणून आपल्याकडच्या हौशींनी डबी बायपास करून सरळ कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे एकाच वायरीवरचा चित्राचा सिग्नल, बाहेर काढला. तुमच्या फोटोत डबीच्या झाकणावर नंतरचा डाग दिसतो, म्हणजे हे कामही बहुतेक झालेलं आहे. तसं असेल तर मागच्या सॉकेटातून पिवळ्या पिनेची साधी एव्ही वायर आजच्या टीव्हीच्या एव्ही इनपुटला लावायची. झालेलं नसेल तर डबीतला सॉकेटच्या मधल्या पिनेकडे येणारा रेझिस्टन्स एका बाजूने उचलायचा आणि बाहेरून येणारी व्हिडिओची वायर १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून त्या पिनेला द्यायची. कंडेन्सरची पॉझिटिव्ह बाजू यंत्राकडे. उचललेला रेझिस्टन्स तसाच ठेवा, कापू नका. काही नवे एलईडी टीव्ही हे चित्र नाकारतात, कारण स्पेक्ट्रम प्रत्येक फ्रेमला ३१२ ओळी देतो, एकाआड एक ओळींची गुंफण करत नाही. तसं झालं तर कंपोझिटचं एचडीएमआय करणारा छोटा डबा मध्ये लावा.

वडिलांच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला मात्र हात लावू नका. त्या पिढीतल्या कितीतरी टीव्हींमध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसायचा, चासी थेट २३० व्होल्टशी जोडलेली असायची. अशा टीव्हीत व्हिडिओचं सॉकेट काढलं की त्या सॉकेटाचा बाहेरचा पत्रा, तिथून स्पेक्ट्रमचं ग्राउंड, आणि स्पेक्ट्रमला लावलेल्या टेपरेकॉर्डरपर्यंत सगळं जिवंत होऊ शकतं. तुमच्या वडिलांनी नक्कीच विचार केला असेल. कदाचित तो १२ व्होल्टवर चालणारा पोर्टेबल असेल, कदाचित फोटोत पेटीत दिसणारा जड ट्रान्सफॉर्मर आयसोलेशनसाठीच, म्हणजे मेन्सपासून वेगळं ठेवायलाच, असेल. पण तो विचार आपल्याला लिहून मिळालेला नाही. जुने टीव्ही उघडलेल्या अनुभवी मेकॅनिकने पाहिल्याशिवाय तो टीव्ही प्लगला लावायचा नाही, स्पेक्ट्रमला तर नाहीच.

मागच्या लांब कनेक्टरवर काही जोडायचं असेल तर सप्लाय काढूनच जोडा. तिथे ९ आणि १२ व्होल्ट सिग्नलच्या ओळींजवळच असतात.

आता ‘ओरिजिनल’चा प्रश्न. संग्रह करणाऱ्यांना कारखान्यातून आलेलं यंत्र हवं असतं, ती आवड मला समजते. तसे न उघडलेले स्पेक्ट्रम जगात पुष्कळ आहेत. पण ओझरच्या एका तंत्रज्ञाने मेणदोऱ्याच्या गाठी मारून ८० केबीचा केलेला स्पेक्ट्रम मी आजवर दुसरा पाहिला नाही. लिंक परत बसवून, भोकं बुजवून जे हाती येईल ते इतर हजारोंसारखंच असेल. माझं मत स्पष्ट आहे: वडिलांचं काम जसंच्या तसं ठेवा. तुम्ही जे नवं कराल, रेग्युलेटर, कंडेन्सर, मेंब्रेन, ते परत उलटवता येईल असं करा, आणि काय केलं ते तारखेसह कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवा. खालची रॅम चालत असेल तर तिला हात लावू नका. पुढे कधी एखादी ४११६ गेली तर तिच्या जागी ४१६४ बसते: पाय १ मोकळा, पाय ८ आणि ९ दोन्ही ५ व्होल्टला. मात्र आठही बदलल्या तरी १२ व्होल्टचं सर्किट काढून टाकायचं नाही, रंगीत चित्र तयार करणाऱ्या आयसीला ते लागतं.

सगळं तपासून झालं, पडद्यावर १९८२ ची कॉपीराइटची ओळ आली, की आधी टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ३२७६७ आलं तर यंत्राला १६ केबीच दिसते, ६५५३५ आलं तर ४८. प्रिंटसाठी पी एकदाच दाबायचं, पूर्ण शब्द यंत्र स्वतः लिहितं. पीकसाठी दोन्ही शिफ्ट एकदम दाबून सोडा आणि मग ओ.

६५५३५ आलं तर पुढचं करा. एक्स दाबून क्लिअर ३२७६७. यामुळे बेसिक, म्हणजे यंत्राची प्रोग्रॅमची भाषा, आणि स्टॅक, म्हणजे तिची कामाची तात्पुरती जागा, खालच्या १६ केबीत येतात, नाहीतर खटका हलवताच पायाखालची जमीन सरकेल आणि यंत्र अडकेल. मग ओ दाबून पोक ४००००,१, म्हणजे मेमरीच्या ४०००० या पत्त्यावर १ लिहा. खटका दुसऱ्या बाजूला करा. पोक ४००००,२. खटका परत पहिल्या बाजूला आणा आणि प्रिंट पीक ४००००. पडद्यावर १ आला, खटका फिरवल्यावर २ आला, परत फिरवल्यावर पुन्हा १ आला, तर दोन्ही बँका चालतात. २ च येत राहिला तर स्विचची मधली वायर कुठेतरी सुटली आहे. ती कुठे सुटली हे शोधायला मी येईन, माझा मल्टिमीटर आणि बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न घेऊन.